दहा नांवांची यादी

दहावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील घरोघरीं दोन दिवस पेढे वांटण्यांत जातात, आणि तिसऱ्या दिवशीं, पाहुणे निघून गेल्यावर, आई, बाप व मूल अशीं तिघें ओट्यावर बसून 'आतां पुढें कोठें?' ह्या प्रश्नास तोंड देतात. प्रश्न जुनाच आहे. परंतु अलीकडे त्याला एक नवें रूप आलें आहे. अकरावीचा प्रवेश ऑनलाइन अर्जानें देण्याची जी पद्धत पूर्वीं मुंबई, पुणें, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरतीच होती, ती २०२५ सालीं साऱ्या महाराष्ट्रास लागू झाली. त्या अर्जांत विद्यार्थ्यानें आपल्या पसंतीच्या कॉलेजांचीं नांवें क्रमानें भरावयाचीं असतात. निदान एक व फार तर दहा. त्या सालीं नऊ हजारांहून अधिक कनिष्ठ महाविद्यालयें ह्या योजनेंत होतीं व जागा वीस लाखांच्या आसपास होत्या. इतक्यांतून दहा निवडून तीं एकाखालीं एक लावण्याचें काम आमच्यांतील पुष्कळ लोक तालुक्याच्या महा ई-सेवा केंद्रांतील एखाद्या तरुणाच्या हातीं सोंपवून मोकळे होतात. तो बिचारा दहा मिनिटांत दहा नांवें भरून देतो, कारण बाहेर रांग उभी असते.

वरवर पाहतां हें काम हिशेबाचें दिसतें. गुण किती, मागील वर्षीं कोणत्या कॉलेजाचा कटऑफ कितीवर थांबला, अंतर किती, फी किती, एवढें मांडलें कीं झालें. परंतु जो कोणी हें काम मुलाच्या शेजारीं बसून करूं लागेल त्याला लवकरच कळून येईल कीं, त्या दहा ओळींत घराची हांव, भीति, लाज व प्रीति हीं सर्व उतरत असतात. मोठें नांव वर लिहिणें हा गर्व आहे काय? खात्रीचें लहान नांव खालीं लिहून ठेवणें हा भित्रेपणा आहे काय? घराजवळचें कॉलेज निवडणें हें शहाणपण, कीं शहाणपणाच्या नांवाखालीं मुलाचे पंख छाटणें? आणि ही यादी मुळांत कोणाची. मुलाची, बापाची, कीं गांवाची? ह्या प्रश्नांविषयीं आम्हांस जें वाटतें तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या वाडवडिलांस हा पेंच नव्हता. नगर शहरांत (२०२४ पासून त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे) डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे ह्यांनीं १९४७ सालीं अहमदनगर कॉलेज काढलें, त्यापूर्वीं ह्या जिल्ह्यांतील मुलास कॉलेजचें शिक्षण हवें असल्यास पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत किंवा मुंबईस विल्सन कॉलेजांत जावें लागे. म्हणजे घर सोडावें लागे, आणि घर सोडण्यास पैसा लागे. यादी एकाच ओळीची असे, व बहुतेक घरांत ती एक ओळही कोरीच राही. त्याच १९४७ सालीं साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांच्या रयत शिक्षण संस्थेनें छत्रपति शिवाजी कॉलेज उघडलें, आणि तेथें शेतकऱ्यांचीं मुलें अंगमेहनत करून शिकूं लागलीं. पुढें श्रीरामपूर, कोपरगांव, संगमनेर, लोणी अशा ठिकाणीं कॉलेजें निघालीं. ज्यांनीं हीं कॉलेजें खेड्यांच्या जवळ आणलीं त्यांच्या मनांत, जवळचें म्हणजे हलकें, ज्याला दुसरीकडे कोणी घेत नाहीं त्याच्यासाठीं, असा विचार नव्हता. तो विचार आम्हीं मागाहून शिकलों. कोणाकडून शिकलों हें शोधीत बसण्यांत अर्थ नाहीं. पण आज दहावी झालेल्या मुलास 'कोणतें कॉलेज?' असें कोणी विचारलें व तें घराजवळचें असलें, तर तो नांव सांगतांना आवाज खालीं आणतो, हें आम्हीं पुष्कळदां ऐकिलें आहे.

मुख्य मुद्द्याकडे वळण्यापूर्वीं एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण त्यापायीं कित्येक मुलें आपल्या मनांतलें नांव लिहावयासच भितात. लोक म्हणतात, 'वर मोठें कॉलेज लिहिलें आणि तें हुकलें, तर खालच्या कॉलेजांतला नंबरही जातो.' असें होत नाहीं. ज्याचे गुण अधिक त्याची यादी आधीं पाहिली जाते, आणि तींत वरून खालीं येतां येतां जें पहिलें नांव त्याच्या गुणांस उघडें असेल तें त्याला मिळतें. वरचीं तीन नांवें हुकलीं म्हणून चौथ्या ठिकाणचा त्याचा हक्क तिळभरही कमी होत नाहीं. तेथें त्याच्याहून कमी गुणांचा मुलगा तेंच नांव पहिलें लिहून बसला असला तरी तो ह्याच्या पुढें जात नाहीं. (राखीव जागांचा हिशेब वेगळा चालतो, परंतु त्यांतही नियम हाच.) १९६२ सालीं डेव्हिड गेल व लॉइड शॅप्ली ह्या दोघां अमेरिकन गणितज्ञांनीं कॉलेजप्रवेश व विवाह ह्या दोन विषयांवर मिळून एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. हे दोन विषय एकत्र आणण्याची कल्पना आमच्याकडील वधूपित्यांस तरी नवी वाटूं नये! त्यांनीं एक अशी रीत दाखविली कीं, वांटप झाल्यावर कोणत्याही विद्यार्थ्यास व कोणत्याही कॉलेजास, 'आपण दोघे एकमेकांस मिळालों असतों तर दोघांचेंही अधिक बरें झालें असतें,' असें म्हणावयास जागा राहत नाहीं. पुढें असेंही सिद्ध झालें कीं, त्या रीतींत अर्जदारास आपला खरा क्रम लपवून कांहींच लाभ होत नाहीं. शॅप्ली ह्यांस ॲल्विन रॉथ ह्यांच्यासह २०१२ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें; गेल तोंपर्यंत वारले होते. आमच्या इकडील वांटप ह्या एका बाबतींत तरी तसेंच आहे कीं, खरें लिहिणाऱ्याचें नुकसान होत नाहीं. सर्वत्र असें असतें असें मात्र नाहीं. अमेरिकेंतील बोस्टन शहराच्या सरकारी शाळांत २००५ पर्यंत उलट रीत होती. जो पहिलें नांव लिहील त्याला त्या शाळेंत आधीं जागा. मग ज्या पालकांस ही खोंच ठाऊक असे ते विचार करून खोटा क्रम लिहीत, आणि ज्यांस ठाऊक नसे ते साधे लोक खरा क्रम लिहून मागें पडत. त्या सालीं ती रीत बदलण्यांत आली.

येथें मात्र एक गोष्ट विसरतां कामा नये. खरें लिहिल्यानें नुकसान नाहीं, हें खरें. पण यादी दहाच नांवांची आहे. दहाच्या दहा नांवें जर आपल्या गुणांच्या पलीकडचीं असलीं, तर खरेपणानें लिहूनही हात रिकामा राहतो.

आमच्या परिचयाच्या एका गांवीं असेंच घडलें. मुलगा मेहनती, घरचा एकुलता एक, ५०० पैकीं ४१२ गुण. गांवांत त्या वर्षीं तो पहिला आला. त्याच्या चुलत्यानें सल्ला दिला कीं, 'मोठें मागशील तर मोठें मिळेल. लहान मागणाऱ्याला कोणी मोठें देत नाहीं.' मुलानें दहा नांवें लिहिलीं, तीं सर्व पुण्याचीं व नगरचीं, आणि त्यांतील बहुतेकांचा मागील वर्षाचा कटऑफ नव्वदाच्या वर होता. घरापासून नऊ किलोमीटरवर एक कॉलेज आहे. त्याचें नांव त्या यादींत नव्हतें. आम्हीं मागाहून त्याला विचारलें, 'तें कां लिहिलें नाहींस?' तो म्हणाला, 'तिथं आमच्या वर्गातली काठावर पास झालेली पोरं जातात.' पहिली फेरी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. तोंपर्यंत नऊ किलोमीटरवरच्या कॉलेजांतील शास्त्रशाखा भरून गेली होती. काठावर पास झालेल्या मुलांनीं नव्हे, तर ह्याच्याच इतके गुण मिळविलेल्या व आपला अंदाज बरोबर बांधलेल्या मुलांनीं. शेवटीं पन्नासएक किलोमीटरवर, वसतिगृह नसलेल्या ठिकाणीं, उरलेली एक जागा मिळाली. पावसाळाभर तो दोन गाड्या बदलून जाऊन येऊन करी. दिवाळीनंतर जाणें बंद झालें. सध्यां तो चुलत्याच्या पोल्ट्रीवर काम करितो. काम चांगलें आहे, त्यांत कमीपणा नाहीं, परंतु त्यानें मागितलेलें तें नव्हे.

गांवकऱ्यांनीं ह्यावरून असा निष्कर्ष काढला कीं, पोरानें ऐपतीबाहेर उडी मारली. आम्हांस हें मान्य नाहीं. त्यानें पुण्याचें नांव वर लिहिलें ह्यांत कांहींही चूक नव्हती. तीं दोन-तीन नांवें त्याच्या कष्टांचा मान होतीं, आणि एखाद्या वर्षीं कटऑफ खालीं येतोही. चूक होती ती यादीच्या खालच्या टोकाला. माणसाचा गर्व तो काय मागतो ह्यावरून ओळखूं येत नाहीं, तर तो काय नाकारतो ह्यावरून ओळखूं येतो, असें आम्हांस ह्या मुलाच्या यादीवरून वाटूं लागलें. नऊ किलोमीटरवरच्या त्या कॉलेजांत त्यानें कधीं पाऊल टाकलें नव्हतें. तेथें रसायनशास्त्र कोण शिकवितें हें त्याला ठाऊक नव्हतें. त्याला ठाऊक होतें तें एवढेंच कीं, लोक त्या कॉलेजाविषयीं बोलतांना नाक मुरडतात. न पाहिलेल्या वस्तूची लाज बाळगणें ही गोष्ट आम्हांस न पाहिलेल्या वस्तूची हांव धरण्याहून अधिक वाईट वाटते. हांवेनें मनुष्य निदान उठून पाहावयास तरी जातो.

आतां दुसऱ्या घराविषयीं. येथें यादीच नव्हती. एकच नांव होतें. मुलगी, गुण ४६३. दोन वर्षांपूर्वीं तिच्या थोरल्या भावास एकाहत्तर टक्के मिळाले, तेव्हां त्याच्यासाठीं बापानें पुण्यास तीन खेपा केल्या, वसतिगृह पाहिलें, व वर्षाचें भाडें भरण्यास दोन शेळ्या विकल्या. मुलीच्या वेळीं सेवा केंद्रांत तालुक्याच्या एका कॉलेजाचें नांव सांगून अर्ज पांच मिनिटांत झाला. तेथें शास्त्रशाखा आहे, पण जीवशास्त्राच्या शिक्षकाची जागा रिकामी असल्याचें सर्वांस ठाऊक होतें, व मुलीला पुढें नर्सिंगकडे जावयाचें होतें.

बाप वाईट माणूस नव्हे. त्याचीं कारणें आम्हीं आदरानें ऐकून घेतलीं, आणि वाचकांनींही तीं ऐकावीं. संध्याकाळची शेवटची गाडी साडेसातला फांट्यावर येते. फांट्यापासून वस्ती दोन किलोमीटर, रस्त्याला दिवा नाहीं. मुलाच्या शिक्षणाचें कर्ज अजून फिटलेलें नाहीं. मुलगी शहरांत राहिली म्हणजे चार लोक चार गोष्टी बोलतात, व त्या बोलण्याची किंमत बापाला मोजावी लागत नाहीं, मुलीला मोजावी लागते. हीं सर्व कारणें खरीं होतीं. परंतु शेवटीं तो जें म्हणाला त्यानें आम्ही अस्वस्थ झालों. तो म्हणाला, 'आमची पोर समजूतदार आहे. ती काही मागतच नाही.'

आम्हांस वाटतें, आमच्या समाजांतल्या किती तरी यादींचा निकाल ह्या एका वाक्यांत लागून जातो. जें मूल मागत नाहीं तें समाधानी आहे असें आपण धरून चालतों, कारण तसें धरणें सोयीचें असतें. वास्तविक तें मूल घरांतील आमदनी, आईचा दमा, बापाचा स्वभाव व भावाचें कर्ज हीं सर्व आपल्या मनांत आधींच मांडून बसलेलें असतें, आणि आपली इच्छा त्या हिशेबांतून वजा करून मोकळें झालेलें असतें. घराजवळचें कॉलेज भावाला सल्ला म्हणून सांगितलें जातें व बहिणीला हुकूम म्हणून. दोघांचाही शब्द एकच, 'जवळ आहे, बरं आहे.' ज्या घरीं मुलगा व मुलगी दोन्ही शिकत आहेत त्यांनीं दोघांच्या याद्या एकदां शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या, एवढीच आमची विनंति. भीति खोटी असते असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जसा आपण दुकानदाराकडे हिशेब मागतों तसा भीतीकडेही मागावा: ही रक्कम कशाची, ही कशाची, आणि ह्यांतील कोणती दिव्याच्या खांबानें किंवा मामाच्या घरानें फिटण्यासारखी आहे?

तर जवळ म्हणजे काय, ह्याचाच विचार करूं. किलोमीटर मोजून जवळ-दूर ठरत नाहीं. पंधरा किलोमीटरवरचें कॉलेज, जेथें सकाळची एस.टी. प्रात्यक्षिकाच्या तासानंतर पोंचते, तें दूर आहे. चाळीस किलोमीटरवरचें, जेथें थेट गाडी जाते व थेट परत येते, तें जवळ आहे. विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर एस.टी. भाड्याच्या दोन-तृतीयांश सवलत देते. खेड्यांतील मुलींस बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेखालीं पास मोफत मिळतो, आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस एस.टी.चें अर्धेंच तिकीट पडतें. म्हणजे बरोबर सोडावयास जाणाऱ्या आईचाही खर्च निम्मा झाला. ह्या गोष्टी ठाऊक नसल्यामुळें 'परवडत नाहीं' म्हणून टाकून दिलेलीं नांवें आम्हांस ठाऊक आहेत. जेथें मावशीचें किंवा आत्याचें घर आहे तें शहर, गाडीनें तीन तासांवर असलें तरी, एका अर्थीं जवळच आहे. मात्र नातेवाइकांच्या घरीं दोन वर्षें राहणाऱ्या मुलीला तेथें धुणीं-भांडीं किती पडतील हें आधींच व स्पष्ट बोलून घ्यावें. संकोचानें न बोललेल्या गोष्टींनीं नातीं अधिक तुटतात.

फीचेंही असेंच. एकाच आवारांत अनुदानित तुकडी व स्वयंअर्थसहाय्यित तुकडी अशा दोन्ही असूं शकतात, आणि दोहोंच्या फीमध्यें मोठें अंतर असतें. अर्जांत कॉलेजाच्या नांवासह शाखा, माध्यम व अनुदानाचा प्रकार हीं तिन्ही येतात. केवळ नांव ओळखीचें दिसलें म्हणून ओळ भरली तर प्रवेश मिळाल्यावर फीचा आंकडा पाहून घरांत रडारड होते.

आणि कॉलेज पाहून यावें. परीक्षेनंतरच्या सुट्टींत तें बंद असतें, म्हणून दहावीच्या वर्षींच, दिवाळीच्या आगेमागे, चालू दिवशीं एक खेप करावी. इमारत पाहूं नये. इमारती हल्लीं सर्वांच्याच चांगल्या आहेत. प्रयोगशाळेचें कुलूप पाहावें, त्याला गंज चढला आहे काय. बारावीच्या मुलांस गांठून विचारावें कीं, ह्या आठवड्यांत भौतिकशास्त्राचे किती तास झाले व कोणी घेतले. मुलींची खोली, पाणी, संडास पाहावा. परतीच्या गाडीसाठीं फाटकाशीं किती मुलें उभीं आहेत व केव्हां उभीं आहेत तें पाहावें. दुपारीं बारालाच सर्व उभीं असलीं तर समजावयाचें तें समजावें. ज्या कॉलेजांची नगरच्या बैठकींत नांवेंही निघत नाहींत अशा ठिकाणीं एखादे शिक्षक वीस वर्षें गणित शिकवीत असतात, आणि त्यांच्या हाताखालून गेलेलीं मुलें कोठें कोठें पोंचलीं आहेत तें ऐकून आश्चर्य वाटतें. उलट, मोठ्या नांवाच्या ठिकाणीं एका वर्गांत इतकीं मुलें कोंबलेलीं असतात कीं, खेड्यांतून आलेलें लाजाळू मूल दोन वर्षांत एकदांही शंका विचारीत नाहीं. दोन्ही प्रकार आम्हीं पाहिले आहेत. म्हणून आम्ही कोणताही नियम सांगत नाहीं. पाहून या, एवढेंच सांगतों.

एक प्रकार मात्र आम्हांस साफ नापसंत आहे, व तो चांगल्या घरांतही शिरत चालला आहे. घराजवळच्या एखाद्या कॉलेजांत केवळ नांव घालावयाचें, तेथें पाऊल टाकावयाचें नाहीं, आणि देह दोन वर्षें लांबच्या शिकवणीवर्गांत बसवावयाचा. कॉलेज हजेरी भरतें, शिकवणीवाला पैसा घेतो, बारावीचा फॉर्म सुटतो, सर्वांची सोय. आम्हीं एका पालकास विचारलें, तेव्हां तो म्हणाला, 'सगळेच करतात, साहेब.' आम्ही एवढेंच म्हणतों कीं, सोळा वर्षांच्या मुलाला जीवनांतील पहिली मोठी सही आपण स्वतः समोर बसून खोटी करावयास लावितों, आणि मग त्यानें पुढें डॉक्टर होऊन खरें औषध द्यावें अशी अपेक्षा करितों. शिवाय ती जागा कोणाची होती? त्याच गांवच्या एखाद्या मुलीची, जी खरोखर रोज तेथें जाऊन बसली असती.

ह्यावरून यादीच्या नियमांकडे येतों. २०२५ सालच्या नियमाप्रमाणें पहिल्या पसंतीचें कॉलेज मिळालें तर तेथें प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांत त्या विद्यार्थ्यास भाग घेतां येत नाहीं. दुसरें किंवा त्याखालचें नांव मिळालें तर तें घ्यावें किंवा पुढील फेरीसाठीं थांबावें, दोन्हीची मुभा असते. बारावीनंतरच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशांत ह्याच सालीं ही गोष्ट अधिक बारकाईनें केलेली होती: पहिल्या फेरींत पहिलें नांव बंधनकारक, दुसरींत पहिलीं तीन, तिसरींत पहिलीं सहा. पुष्कळ पालक ह्यास सरकारी जाच म्हणतात. आम्हांस त्यांत न्याय दिसतो. आपण लिहिलेलें नांव हा एक शब्द आहे. तो देतांना दुसऱ्या मुलास आपण बाजूला सरावयास लावितों, आणि मिळाल्यावर 'सहज लिहिलें होतें' असें म्हणून चालत नाहीं.

परंतु कायदा फक्त वरच्या नांवांस हात घालतो. शेवटच्या नांवाविषयीं तो कांहीं बोलत नाहीं, आणि आमच्या मतें खरी परीक्षा तेथेंच आहे. गुणांच्या थोडीं वरचीं दोन-तीन नांवें, बरोबरीचीं चार-पांच, व जेथें जागा नक्की मिळेल अशीं दोन, असा ढोबळ मेळ बहुतेक शिक्षक सांगतात, व तो बरा आहे. पण हीं खालचीं दोन नांवें कशीं लिहिलीं? कपाळाला आंठी घालून, कोणी पाहूं नये अशीं? कीं जून महिन्यांत तेथें जावें लागलें तर आपण कोणत्या बांकावर बसूं, कोणत्या गाडीनें जाऊं, कोणाला शंका विचारूं, हें मनांत आणून लिहिलीं? पहिल्या प्रकारें लिहिलेलें नांव हें नांव नव्हे. तें मिळालें असतां मुलाला शिक्षा झाल्यासारखें वाटतें, व बाप वर्षभर तें तोंडावर फेंकीत असतो. ज्या कॉलेजांत आपण राजीखुषीनें जाणार नाहीं त्याचें नांव लिहूंच नये, मग यादी सहा नांवांची झाली तरी चालेल. आणि जर खात्रीचें असें एकही नांव राजीखुषीचें राहत नसेल, तर यादी पुरी झालेली नाहीं, अजून एखादें कॉलेज पाहावयास जावयाचें राहिलें आहे, असें समजावें. येथें खात्रीचें नांव लिहिणें हा भित्रेपणा नव्हे. ज्याला सर्वांत वाईट काय होईल हें ठाऊक आहे व तें ज्यानें डोळ्यांनीं पाहून पत्करलें आहे, तोच वरचीं नांवें निर्भयपणें लिहूं शकतो.

आतां एवढेंच राहिलें कीं, ही यादी कोणाची. पैसा बापाचा असतो, म्हणून बापाला कांहीं ओळी खोडण्याचा अधिकार आहे. तो नाकारणारा माणूस कर्ज फेडावयास येत नसतो. परंतु खोडतांना कारण सांगावें, आणि तें मुलाच्या समोर सांगावें. मुलगी समजूतदार आहे ना? मग तिला कारण समजेल. कारण सांगतां येत नसेल तर ओळ खोडूं नये.

त्या मुलीच्या वर्गशिक्षिका बाई एका रविवारीं दुपारीं तिच्या घरीं गेल्या. अर्ज कायम करावयास दोन दिवस उरले होते. त्यांनीं भाषण केलें नाहीं. जुन्या दिनदर्शिकेचें एक पान उलटें करून त्या मुलीला म्हणाल्या, 'तुला जिथं जिथं जायला आवडेल ती नावं लिही. बाबा काय म्हणतील ते नंतर बघू.' मुलगी बराच वेळ लिहीना. मग तिनें सात नांवें लिहिलीं. बाप वाचावयास बसला. एक पुण्याचें होतें, तें त्यानें खोडलें व म्हणाला, 'भावाचं कर्ज फिटेपर्यंत पुणं नको.' मुलीनें मान हलविली. दुसऱ्या एका ठिकाणची गाडी त्याला ठाऊक नव्हती. बाईंनीं तेथूनच आगारांत फोन लावून वेळ विचारली, ती सोयीची निघाली, नांव राहिलें. नगरचीं दोन राहिलीं, कारण तेथें मावशी आहे. तालुक्याच्या कॉलेजाविषयीं बाईंनीं सांगितलें कीं, जीवशास्त्राचे सर आले नाहींत तर मी स्वतः शनिवारीं मुलींस घेऊन बसेन. तेव्हां मुलीनें तेंही आपण होऊन सहाव्या ओळींत लिहिलें. अर्ज सहा नांवांचा गेला.

पहिल्या फेरींत तिला तिसरें नांव मिळालें, गाडीची वेळ फोनवर विचारलेलें तें. बापानें विचारलें, 'थांबायचं का पुढच्या फेरीला? नगरचं लागलं तर लागेल.' ती म्हणाली, 'नको बाबा, हे मला पाहिजे होतं म्हणूनच लिहिलं.' कॉलेज उघडलें त्या दिवशीं तो तिच्याबरोबर पहिल्या गाडीनें गेला, फाटकाशीं उभा राहिला, परतीची गाडी किती वाजतां व कोणत्या बाजूनें येते तें त्यानें दोघांतिघांस विचारून घेतलें, आणि फांट्यावर उतरल्यावर दुकानांतून एक हातबत्ती विकत घेतली.